"आजोबा रवंथ करतात" हे वाक्य चूक आहे का?

धुऱ्यावरची बोर (कारंजा घाडगे, जि. वर्धा)

माझी मुलगी सातवीत आहे. मागच्या आठवड्यात तिला 'माझे आजोबा' हा निबंध होता. तिनं माझ्या वडिलांवर लिहिला. त्यात एक वाक्य होतं: 'आजोबा कोणतीही गोष्ट लगेच ठरवत नाहीत. रात्री कोठ्यात गाईजवळ बसून रवंथ करतात, मग सांगतात.' वही परत आली तर 'रवंथ'ला लाल पेनाचा गोल आणि बाजूला शेरा: 'रवंथ गुरे करतात, माणसे विचार करतात.' अर्धा मार्क कापला. मार्काचं मला काही नाही. पण संध्याकाळी पोरगी चुलीपाशी येऊन म्हणाली, "आई, मी आजोबाले ढोर म्हटलं का वं?" तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

शब्द तिचा नाही. माझाही नाही. बाबांचा आहे.

माझं माहेर आर्वी तालुक्यातलं. बाबा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. पाच एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस आणि तूर. बैलजोडी होती तोवर वखर, डवरा, बंडी सगळं घरचं होतं. आता ट्रॅक्टर भाड्यानं येतो आणि कोठ्यात एक गवळाऊ गाय आणि तिचा गोऱ्हा एवढेच उरलेत. लहानपणी बाबा दोन वर्षं शाळा सोडून गावाची गुरं राखणाऱ्या गायक्याच्या हाताखाली होते. सकाळी आखरावर गावाची जनावरं जमा व्हायची, तिथून रानात. दुपारी कळप पळसाच्या सावलीत बसला की हे पोरगं कंटाळून गाईंना उठवायला जायचं, आणि गायकी ओरडायचा, "उठवू नको रे त्याईले, रवंथ करू दे. नाई तं चरलेलं वाया जाते."

ते वाक्य बाबांनी जन्मभर वापरलं. कापूस घरात आला की खेडा खरेदीवाला दारात येऊन म्हणतो, भाव बोला काका, आजच काटा लावतो. बाबा त्याला सगळं विचारतात. ओल किती धरशील, पैसे रोख का उधार, हमाली कोणाच्या अंगावर. सगळं ऐकून झालं की म्हणतात, "आत्ता निस्ता चरलो. रवंथ करून उद्या सांगतो." तो हसतो. पण दुसऱ्या दिवशी येतो.

२००१ मध्ये मी बारावी झाले आणि अमरावतीला डी.एड.ला नंबर लागला. ओसरीत मामा, मोठे काका, शेजारचे दोघं बसले होते. पोरीले एवढ्या दूर कायले, खर्च कोण करन, उद्या लग्न करा लागन. बाबा कोणालाच उत्तर देईनात. मला वाटलं, संपलं आपलं. तीन रात्री ते जेवण झाल्यावर कोठ्यात जाऊन बसले. लाइन नव्हती, मागच्या दारातून मला त्यांच्या विडीचं टोक तेवढं दिसायचं. गाय बसलेली आणि तिच्या पाठीला टेकून बाबा. चौथ्या दिवशी सकाळी दूध काढता काढता मान वर न करता म्हणाले, "फारम आन, सही करतो." पुढं मास्तरकी मिळाली नाही, आज मी अंगणवाडीत आहे, पण त्या तीन रात्री मी विसरलेले नाही.

आणि ते रवंथ म्हणजे नुसतं गप्प बसणं नव्हे. गावात गुरुदेव सेवा मंडळाचं सामुदायिक ध्यान असतं, बाबा पहाटे तिथंही जातात. पण त्याला ते ध्यान म्हणतात, आणि कोठ्यातल्या बसण्याला रवंथ. दोन्हींची सरमिसळ त्यांच्या तोंडून कधी झाली नाही.

तर मला विचारायचं आहे ते हे. माणसाच्या खोल विचाराला 'रवंथ' म्हणणं मराठीत चालतं का? हा शब्द आला कुठून? आणि विचार, चिंतन, मनन हे जे मोठे शब्द आहेत, त्यांच्या पंगतीत माझ्या बाबांचा शब्द बसतो की त्यानं बाहेरच उभं राहायचं? कोशातला एका ओळीचा अर्थ नको, मूळ सांगा. मला ते मुलीला सांगायचं आहे.

---

पाऊसपाणी (दारव्हा)

आमच्याकडे माणसाले रवंथ लावलेला ऐकला नाही. 'इचार करू करू डोकं फुटलं' एवढंच म्हणतो आम्ही. पण 'आठवणींचा रवंथ' हे तर पेपरातही छापून येते, मग चुकीचं कसं?

---

संथा (वाशीम, निवृत्त संस्कृत शिक्षक)

ताई, तुमच्या मुलीचं वाक्य मी चार वेळा वाचलं. छत्तीस वर्षं वह्या तपासल्या, लाल गोल मीही पुष्कळ काढले असतील. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रवंथ हा शब्द संस्कृतातल्या 'रोमन्थ' पासून आला. मधला म सैल होऊन त्याचा व झाला, जसं ग्रामचं गाव झालं आणि नामचं नाव. अर्थ तोच राहिला, गिळलेलं पुन्हा तोंडात आणून चावणं.

आता ज्यासाठी मी खुर्ची ओढून बसलो ते सांगतो. पाणिनीच्या अष्टाध्यायीत तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात पंधरावं सूत्र आहे: 'कर्मणो रोमन्थतपोभ्यां वर्तिचरोः'. नामापासून क्रियापद कसं घडवायचं त्याचा हा नियम आहे. रोमन्थ पुन्हा पुन्हा फिरवतो तो 'रोमन्थायते', आणि तप आचरतो तो 'तपस्यति'. एका सूत्रात दोनच शब्द घेतले, एक गाईचा रवंथ आणि दुसरं ऋषीचं तप! पाणिनीनं ते व्याकरणाच्या सोयीनं घेतले, त्यात त्याला काही तत्त्वज्ञान सांगायचं नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. पण ज्या भाषेत हे दोन शब्द शेजारी बसून एकच प्रत्यय घेतात, त्या भाषेच्या लेकीनं आजोबांना रवंथ करताना पाहिलं तर तिनं काही पाप केलेलं नाही.

तपासणाऱ्यांची बाजूही सांगतो. पुढच्या व्याकरणकारांनी या सूत्राला एक अट जोडली, 'हनुचलने'. म्हणजे जबडा हलत असेल तरच रोमन्थायते म्हणायचं. त्या अटीनं पाहिलं तर लाल पेन अगदीच निराधार नाही, कारण आजोबांचा जबडा हलत नव्हता. मात्र ती अट संस्कृत क्रियापदाची आहे. मराठीनं तो शब्द आठवणींना लावला त्याला कितीतरी काळ लोटला.

कालिदासाचं एक उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात दुष्यंत शिकार थांबवतो आणि म्हणतो की आता रानाला विसावा मिळू द्या. त्यात हरणांबद्दल शब्द आहेत, 'मृगकुलं रोमन्थमभ्यस्यतु'. सावलीत जमलेला हरणांचा कळप रवंथाचा *अभ्यास* करो. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. आपण पोरांना 'अभ्यास कर' म्हणतो तो हाच शब्द. आणि हरणं रवंथ करू शकतात कारण राजानं धनुष्याला विसावा दिला आहे. तुमच्या वडिलांचा गायकी जे पळसाखाली ओरडून सांगत होता तेच राजा सांगतो आहे.

विचार या शब्दाचं मूळ तर तुमच्या वडिलांनी स्वतःच सांगून टाकलं. विचार म्हणजे वि आणि चर्. चर् म्हणजे फिरणं, हिंडणं. त्याच चर् वरून आपलं चरणं, चारा, चराई. विचार म्हणजे मुळात मनाचं चौफेर हिंडणं. "आत्ता निस्ता चरलो, रवंथ करून सांगतो" हे वाक्य ज्या माणसानं केलं त्याला व्युत्पत्ती शिकवायला मी कोण! शेरा लिहिणाऱ्यांनी 'माणसे विचार करतात' असं लिहून गुरांचाच दुसरा शब्द वापरला, एवढं मात्र त्यांच्या लक्षात आलं नसावं.

मराठीनं याच शब्दाचं आणखी एक नवल केलं. 'विचारणे' या क्रियापदाचा अर्थ आपल्याकडे प्रश्न करणं असा झाला. ज्याला विचार करायचा आहे तो आधी विचारतो. तुमचे वडील व्यापाऱ्याला ओल, रोकड, हमाली विचारतात तो त्यांचा विचारच चालू असतो.

मनन आणि चिंतन थोडक्यात. मनन मन् धातूपासून, त्याच घरातले मन, मती, मंत्र. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो की आत्मा ऐकावा, त्याचं मनन करावं, मग निदिध्यासन. आधी कानानं घ्यायचं, मग मनात फिरवायचं, मग त्यातच राहायचं. यातली मधली पायरी तुमच्या कोठ्यातली आहे असं मला वाटतं. चिंतन चिन्त् धातूचं, आणि चिंता त्याचीच सख्खी बहीण. संस्कृतात चिन्ता म्हणजे नुसता विचारही होतो. मराठीत ती काळजीच झाली.

गाईनं आपल्या बुद्धीला आणखी काय काय दिलं ते पाहा. 'गोचर' म्हणजे गाई चरतात ती जागा, त्यावरून इंद्रियांना कळतं ते. 'गवेषणा' म्हणजे मुळात गाईंचा शोध, आता संशोधन. गाईंचा 'गोष्ठ' म्हणजे गोठा, तिथं चार माणसं बसून बोलतात ती गोष्ठी, आणि तिची झाली गोष्ट. लेकीनं आजोबांची गोष्ट सांगितली आणि शब्द गोठ्यातला आला. कुठं चुकलं?

---

डावी भकाळी (यवतमाळ जिल्हा, पशुसंवर्धनात नोकरी होती)

सरांनी संस्कृत सांगितलं, मी पोटातलं सांगतो.

गाय चरताना चावत नाही म्हटलं तरी चालेल. तिला वरचे पुढचे दात नसतात, जिभेनं गवताला विळखा घालते, तोडते आणि गिळते. उघड्या माळावर खाली मान घालून उभं राहणं धोक्याचं, म्हणून जमेल तेवढं भरून घ्यायचं आणि सुरक्षित जागी बसून चावायचं, अशी तिच्या जातीची रीत. गिळलेलं जातं तिच्या चार पोटांपैकी पहिल्या, कोटीपोटात, काही जण कोठीपोट म्हणतात. मोठ्या गाईच्या त्या पोटात शंभर लिटरच्या वर माल मावतो. तिथं ते भिजतं, आंबतं. मग निवांत झाली की एकेक घास गळ्यातून वर. साधारण मिनिटभर चावते, चाळीस-पन्नास-साठ वेळा जबडा फिरतो, गिळते, दोन-चार सेकंद थांबते, पुढचा घास वर. दिवसाचे सात-आठ तास हेच काम. चरण्याला लागतो जवळजवळ तेवढाच वेळ चावण्याला.

आता महत्त्वाचं. जे बारीक झालं तेच पुढे सरकतं, जाळीपोटाच्या तोंडातून पडदेपोटात आणि तिथून खऱ्या पोटात. जाड राहिलं ते तिथंच तरंगत राहतं आणि पुन्हा वर येतं. रवंथ म्हणजे तेच तेच नव्हे. प्रत्येक खेपेला काहीतरी पुढे जातं.

कोणत्याही गावात गेलो की माझा पहिला प्रश्न, "रवंथ करते का?" मग डाव्या भकाळीवर, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यावर मूठ ठेवायची, मिनिटाला एक-दोनदा कोटीपोट हललेलं हाताला लागतं. ताप, दुखणं, भीती, यातलं काहीही असलं की गाय रवंथ सोडते. कुत्रं अंगावर आलं तरी सोडते. चालू झाला की शेतकऱ्याच्या तोंडावर जीव येतो. 'खाल्लं' यापेक्षा 'रवंथ केला' ही मोठी बातमी असते.

आणि न चावता गिळण्याचा धोकाही मी पाहिलेला आहे. कुटारात, म्हणजे भुशात, तारेचा तुकडा असला, खिळा असला, तर गाईला कळत नाही. ते जड, म्हणून जाळीपोटात जाऊन बसतं. जाळीपोटाच्या पुढं छातीचा पडदा आणि त्या पडद्यापलीकडं काळीज. तार तिथवर पोचली की गाय हातची जाते. अशा गाईला चढावर तोंड करून उभं राहणं बरं वाटतं, उतारावर ती कण्हते. ढेपेचं पोतं शिवलेली तार कोठ्यात टाकू नका हे मी नोकरीभर सांगत आलो.

ताई, तुमच्या वडिलांनी शब्द नेमका वापरला. त्यांनी जनावर पाहिलेलं आहे.

---

तापीकाठचा वऱ्हाडी (मूळचा अकोट, आता सुरत)

गुजरातीत एक क्रियापद आहे, वागोळवुं. म्हशीनं रवंथ करणं म्हणजे वागोळवुं, आणि जुन्या गोष्टी मनात घोळवणंही वागोळवुं. इथं म्हातारी माणसं सर्रास म्हणतात, आठवणी वागोळत बसलो होतो. कोणाला ते कमीपणाचं वाटत नाही. उलट आपल्याकडं येणारी हिंदीतली म्हण पाहा, 'भैंस के आगे बीन बजाए, भैंस खड़ी पगुराय'. तिथं पागुर म्हणजे रवंथ, आणि अर्थ मूर्खपणाचा. मला तर त्या म्हशीची बाजू घ्यावीशी वाटते. बीन ऐकून तिनं काय करायला पाहिजे होतं?

---

संथा (वाशीम)

वागोळवुं पाहून फार आनंद झाला. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्रानं प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात रोमन्थच्या जागी दोन प्राकृत धातू दिले आहेत, 'ओग्गाल' आणि 'वग्गोल'. तुम्ही सुरतेत ऐकता तो हा वग्गोल. मराठीनं रोमन्थ ठेवला, गुजरातीनं वग्गोल ठेवला, आणि दोघींनीही तो आठवणींना लावला.

---

शांत तास (समुपदेशक, अमरावती जिल्हा)

मला इथं थोडं वेगळं बोलायचं आहे, आणि ते टीका म्हणून घेऊ नये.

इंग्रजीतला 'रुमिनेट' हा शब्दही असाच आहे. लॅटिनमध्ये 'रूमेन' म्हणजे गुरांचं ते पहिलं पोट, त्यावरून 'रुमिनारे' म्हणजे रवंथ करणं आणि मनात घोळवणं. पण मानसशास्त्रात 'रुमिनेशन' हा शब्द आज चांगल्या अर्थानं येत नाही. सुझन नोलेन-होक्सेमा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ मध्ये आणि पुढेही दाखवून दिलं की उदास माणूस आपल्या उदासीभोवतीच फिरत राहिला, असं का झालं, माझ्याच वाट्याला का, हेच उगाळत राहिला, तर ती उदासी लांबते आणि वाढते.

मी ज्या घरांत जाते तिथं ही माणसं मला भेटतात. रात्री कोठ्यात एकटे बसणारे. घरच्या बाया सांगतात, "काही बोलत नाहीत, नुसते बसून राहतात, पण विचार करतात हो." मला त्या 'विचार करतात'ची भीती वाटते. ताई, तुमच्या बाबांचं बसणं निर्णयाकडं जात होतं. सगळ्यांचं जात नाही. बाहेरून दोन्ही बसणी अगदी सारखी दिसतात. म्हणून रवंथ या शब्दाला सरसकट चांगलं म्हणताना मी अडखळते. मराठीत त्याच्यासाठी वेगळे शब्द आहेत, चघळणं, उगाळणं, चावून चोथा करणं. संस्कृतातून आलेलं चर्वितचर्वण आहे, चावलेलंच चावणं. पण समोर बसलेला माणूस यातलं नेमकं काय करतो आहे, हे ओळखायचं कसं?

---

डावी भकाळी (यवतमाळ जिल्हा)

ताई, तुमच्या प्रश्नाचं माणसापुरतं उत्तर देण्याची माझी लायकी नाही. गाईपुरतं देतो.

दुखणाऱ्या गाईचाही जबडा हलतो. लांबून मालकाला वाटतं, चला, रवंथ करते. जवळ गेलं की कर्रकर्र आवाज येतो. ती दात खात असते. तोंडात घास नसतोच. कळ सोसता सोसता जबडा घासते. आम्ही नव्या पोरांना शिकवायचो, जबडा पाहू नका, गळा पाहा. रवंथ असेल तर डाव्या अंगानं घास वर चढताना दिसतो, आणि चावून झाल्यावर खाली उतरताना दिसतो. खाली उतरला तर रवंथ. नाही उतरला तर औषधाची पेटी उघडा.

म्हणून मालकाला आम्ही हेच सांगायचो, लांबून पाहून जाऊ नका, जवळ जाऊन पाच मिनिटं उभे राहा.

---

शांत तास (अमरावती जिल्हा)

हे मी वहीत उतरवून घेतलं. जवळ जाऊन पाच मिनिटं उभं राहणं.

---

धुऱ्यावरची बोर (कारंजा घाडगे)

रविवारी मुलीला घेऊन आर्वीकडं माहेरी गेले होते. संध्याकाळी दूध काढून झाल्यावर कोठ्यातच बाजेवर बसून बाबांना तुम्हा सगळ्यांचं लिहिलेलं मोबाइलवरून वाचून दाखवलं. जवळजवळ तास गेला. गाय बसलेलीच होती, गोऱ्हा मध्ये मध्ये मोबाइलला नाक लावत होता.

पाणिनीचं सूत्र वाचलं तेव्हा बाबांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग मुलीकडून म्हणून घेतलं. 'वर्तिचरोः' तिच्या जिभेवर बसेना, तर म्हणाले, "असू दे, दोनदा-चारदा म्हन, बसन." हरणांच्या ओळीवर मान हलवली. राजानं धनुष्य ठेवल्याचं त्यांना पटलं. "भेव असला तं जनावर चावतच नाई," म्हणाले.

तारेचं वाचलं आणि ते उठून उभे राहिले. मला माहीत नव्हतं, माझ्या जन्माच्या आधी घरात एक गाय अशीच गेली होती. तीन दिवस चढावर तोंड करून उभी होती आणि कशानं गेली ते कोणालाच कळलं नव्हतं. चाळीस वर्षांनी त्यांना कारण कळलं. बॅटरी घेऊन त्यांनी तेव्हाच्या तेव्हा गव्हाण आणि कुटाराचा ढीग चाचपून पाहिला. काही सापडलं नाही, पण ढेपेच्या पोत्याची तोंडाची तार काढून वर आढ्यात खोचून ठेवली.

मग समुपदेशक ताईंचं वाचलं. ते मी थोडं भीतभीतच वाचलं. आणि भाऊंचं दात खाण्याचं. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बोंडअळीच्या साली मी इथंच बसत होतो ना. तुह्या मायले वाटे, नेहमीसारखा रवंथ करून राह्यला. तो रवंथ नोता. ते दात खानं होतं."

२०१७ चं साल. गुलाबी बोंडअळीनं त्या हंगामात विदर्भातला कापूस बोंडातच खाल्ला, आमचे पाचही एकर गेले. मी तेव्हा फोनवर आईला विचारायची, बाबा कसे आहेत. आई म्हणायची, बसतात कोठ्यात, विचार करतात. आणि मी फोन ठेवून द्यायची. मला तो त्यांचा नेहमीचाच विचार वाटायचा. ताई, तुम्ही लिहिलं ते माझ्याच घरचं होतं आणि मला आठ वर्षांनी कळलं. त्या वेळी जवळ कोण उभं राहिलं, असं मी विचारलं. तर म्हणाले, धाकटे काका रोज रात्री येऊन बसायचे. काही बोलायचे नाहीत, तंबाखू मळून द्यायचे. एका रात्री बाबा स्वतःच बोलले की पुढच्या साली निम्म्यात तूर टाकू. "तवा घास उतरला," म्हणाले.

मुलगी हे सगळं ऐकत होती. तिनं वहीतल्या लाल गोलाखाली पेन्सिलीनं लिहिलं आहे, 'रोमन्थ, पाणिनी ३.१.१५'. शाळेत दाखवायचं का नाही ते तिचं ती पाहील, मी मध्ये पडणार नाही. शिक्षक चांगले आहेत, पोरांवर मेहनत घेतात. शब्द त्यांच्या कानावरून गेला नसेल एवढंच.

संथा सर, एक राहिलं. तुम्ही गोष्ठ म्हणजे गोठा सांगितलं. पण आम्ही इकडे 'गोठा' म्हणत नाही, 'कोठा'च म्हणतो. तो गोठ्याचाच अपभ्रंश आहे का? मुलीनं विचारलं आहे.

---

संथा (वाशीम)

मुलीला सांगा, कोठा वेगळा, आणि अपभ्रंश तर मुळीच नाही. संस्कृतात 'कोष्ठ' आहे. त्याचा अर्थ आतली खोली, धान्याची कोठी, आणि पोटही. बद्धकोष्ठ म्हणतो ना, त्यातला कोष्ठ पोटच. आपला कोठा, कोठी, कोठार सगळे तिथलेच. यवतमाळच्या भाऊंनी 'कोठीपोट' लिहिलं त्यातली कोठीही तीच. म्हणजे रात्री तुमचे वडील जिथं जाऊन बसतात त्या जागेचं आणि गाईचा घास जिथून वर येतो त्या पोटाचं नाव एकच आहे.

वडिलांना माझा नमस्कार सांगा. आणि बोंडअळीच्या साली रोज येऊन बसणाऱ्या त्यांच्या भावालाही.